चॉकलेट आधी कडूच होतं



बचत गटाच्या बैठकीत कोकोच्या लाडवांचा विषय निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला: साखर किती घालायची? शहरात या लाडवांना ट्रफल म्हणतात. फ्रान्समध्ये जमिनीखाली वाढणारी, मातीने माखलेली एक अळंबी मिळते, तिचं हे नाव. कोकोच्या भुकटीत घोळवलेला गोळा तसाच ओबडधोबड दिसतो, म्हणून त्यालाही तेच नाव पडलं. आपण लाडूच म्हणू. पण साखर किती, हे वाटी-चमच्यात सांगण्याआधी आम्हाला थोडं मागे जायचंय. चॉकलेट आणि साखर ही जोडी जन्माची नाही, नंतर जुळवलेली आहे.

कोकोचं झाड मूळचं अमेरिका खंडातलं. फळ थेट खोडाला लागतं. फोडलं की आत पांढऱ्या गरात बिया, साधारण आपल्या सीताफळासारख्या. (बालाघाटच्या डोंगरातलं आपलं सीताफळही मूळ तिकडचंच, बरं का.) त्या बिया आंबवायच्या, वाळवायच्या, भाजायच्या आणि वाटायच्या. मेक्सिकोतले ॲझ्टेक लोक त्याचं पेय करत. त्यात मिरची घालत, मक्याचं पीठ घालत. साखर नसायची, कारण तिकडे ऊसच नव्हता. चव कडू, तरीही मान असा की कोकोच्या बिया बाजारात नाण्यासारख्या चालत.

साखर गेली ती आपल्या बाजूने. उसाच्या रसाचे खडे करायची विद्या जगाने भारताकडून घेतली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गूळ, खांड, शर्करा असे प्रकार नोंदलेले आहेत. शर्करेवरून फारसीत शकर झालं आणि पुढे इंग्रजीत शुगर. कोलंबसाने १४९३ साली ऊस कॅरिबियन बेटांवर नेला. स्पॅनिश लोक १५१९ साली मेक्सिकोत पोचले, कोको युरोपात आला आणि तिथल्या श्रीमंतांनी त्यात साखर ओतली. ती साखर पिकायची कुठे? अमेरिकेतल्या मळ्यांत. आफ्रिकेतून धरून नेलेली माणसं, बायासुद्धा, तिथे गुलाम म्हणून ऊस तोडत होत्या.

पुढचं झपाट्याने झालं. १८२८ साली हॉलंडच्या व्हॅन हाउटेन यांच्या नावावर बियांतलं तूप दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट झालं. आपण डब्यातून आणतो ती कोको पावडर त्यातूनच आली. १८४७ साली इंग्लंडच्या फ्राय कंपनीने खायची वडी काढली, १८७५च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये तिच्यात दूध मिसळलं. आज मिल्क चॉकलेटच्या वडीत वजनाने जवळजवळ निम्मी साखर असते. म्हणजे आपण साखरच विकत घेतो, कोको नावापुरता.

आता आपल्याकडे येऊ. पाहुणा दारात आला की गूळ-पाणी पुढे करायचं, संक्रांतीला तिळगूळ, सणाला गुळाची पुरणपोळी. गोड होतं, पण रोज नव्हतं. पांढरी साखर गावोगाव पोचायला कारखाने उभे राहावे लागले. १९५० साली नगर जिल्ह्यात प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी तो उभा केला. त्यामागून राज्यभर कारखाने निघाले. १९७६ साली पैठणला जायकवाडीचं धरण पुरं झालं, उजवा कालवा आपल्या गेवराई तालुक्यातून पुढे गेला आणि कापसाच्या शेजारी ऊस आला. गढीला जयभवानी कारखानाही उभा राहिला.

तरी दसरा-दिवाळीनंतर आपल्या हमरस्त्यावरून भरलेले ट्रॅक्टर जातातच. उचल घेतलेली असते, मुकादम टोळी नेतो, आणि नवरा-बायको मिळून मोजतात ‘एक कोयता’. त्या एका कोयत्यात बाईचा हात निम्मा, हिशेबाच्या वहीत मात्र नाव नवऱ्याचं. कोपीत राहायचं, पहाटेच्या अंधारात फडात उतरायचं, मोळ्या डोक्यावर वाहायच्या. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. चमचाभर साखर हातात घेताना हा आकडा आम्हाला आठवतो. तुम्हाला तो सांगायलाच हवा होता.

आता लाडू. भाजून सोललेले १०० ग्रॅम शेंगदाणे मिक्सरला जाडसर फिरवा. जास्त फिरवू नका, तेल सुटतं. बिया काढलेला १०० ग्रॅम मऊ खजूर, तीन मोठे चमचे कोको पावडर आणि चिमूटभर मीठ घालून पुन्हा फिरवा. मीठ विसरू नका, त्याने कमी गोडही पुरेसं लागतं. चमचाभर कोमट तूप घालून मळा, सुपारीपेक्षा थोडे मोठे वीस गोळे वळा आणि कोकोत किंवा भाजलेल्या तिळात घोळवा. खजूर कोरडा निघाला तर दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवून नीट निथळून घ्या. दूध घालू नका, टिकत नाहीत.

कोको घेताना पुडीमागचं वाचा. ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ लिहिलेलं असेल तर त्यात आधीच साखर असते, ते नको. आणि एक स्पष्ट सांगतो: साखरेऐवजी गूळ घातला म्हणून गोड कमी होत नाही. गूळही साखरच. खजुरातही साखर आहेच. या मापाने एका लाडवात ती साधारण तीन ग्रॅम येते. तेवढ्याच वजनाच्या मिल्क चॉकलेटमध्ये पाचच्या वर. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून, फार तर एकच खावा. विक्रीला ठेवणार असाल तर पाकिटावर ‘शुगर फ्री’ छापू नका. ‘वरून साखर घातलेली नाही, खजूर आहे’ असं लिहा, आणि शेंगदाणे आहेत हेही लिहा, काहींना ते चालत नाहीत.