दोष पावसाचा नव्हता

परवा समई आणि तांब्या चिंचेनं घासत बसलो होतो, तेव्हा आठवलेली ही गोष्ट. थोडी लांबण आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

ब्रिटिश राजवटीत हिंदुस्थानातल्या फौजेपुढे एक कोडं होतं. साठवून ठेवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांना पावसाळ्यात तडे जायचे. गोळी झाडलेली नाही, कुठे आपटलेली नाही, तरी तडा! कोरड्या दिवसांत मात्र हा प्रकार नसे. त्यामुळे नावही पडलं 'सीझन क्रॅकिंग'. म्हणजे नावातच निकाल लागला, दोष ऋतूचा.

नेमकं उत्तर १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी मांडलं. पुंगळीच्या पितळेत ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. ते गरम न करताच दाबून, खेचून तिला आकार देतात. त्यात धातूच्या पोटात ताण अडकून राहतो. पावसाळ्यात काडतुसं ठेवली जायची तबेल्यात, आणि तिथे घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटायचा. दमट हवेत तो पितळेला भिडला की तांब्यावर क्रिया व्हायची आणि आधीच ताणलेली पुंगळी उलायची. उपाय साधा निघाला. आकार दिल्यावर पुंगळी २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तापवायची, ताण उतरतो.

हा धडा आजही लागू आहे. अमेरिकेत नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या साफ करून त्यात नवी दारू-गोळी भरतात. (आपल्याकडे परवान्याशिवाय असं करणं गुन्हा आहे.) तिथले जाणकार बजावतात, अमोनिया असलेलं पॉलिश लावू नका. पुंगळी लखलखेल, पण आतून कमजोर होईल. त्यापेक्षा सौम्य सायट्रिक आम्ल आणि नंतर भरपूर स्वच्छ पाणी बरं. आपली चिंच तरी दुसरं काय करते? आम्लानं वरचा काळा थर निघतो. फार वेळ ठेवलं तर जस्त निघून भांडं तांबूस पडतं. 'लगेच धू रे' असं आजी उगाच ओरडायची नाही.

आता मुद्द्याचं. पूल खचला, रस्ता उखडला की आपण आजही म्हणतो, 'यंदा पाऊसच फार झाला.' अहो, पाऊस दरवर्षी येणारच. बांधताना आत काय राहून गेलं आणि नंतर देखभाल कुणी केली, हे विचारायला नको? पुंगळीच्या बाबतीत कुणीतरी विचारलं, म्हणून उत्तर सापडलं.

तुमच्या गावात यंदा पावसाच्या नावावर काय काय खपवलं गेलं?