म्हाताऱ्यांच्या सेवेवरचा सरकारी पैसा: कुठे कामी आला, कुठे नाही?

मंडळी, आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की डॉक्टरांचं दहा-वीस खाटांचं खाजगी रुग्णालय. अमेरिकेत मात्र अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना ठेवून घेऊन सांभाळणाऱ्या संस्थेला नर्सिंग होम म्हणतात. तिथला बराचसा खर्च सरकार उचलतं. त्या पैशाने काय साधलं, याचा साठ वर्षांचा इतिहास आपणही वाचावा असा आहे.

१९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअर आणि मेडिकेड या योजना आणल्या. सरकारी पैसा सुरू झाला तशी नर्सिंग होम भराभर वाढली. पण तपासणी व्हायची ती मुख्यतः इमारतीची आणि कागदांची. आत म्हातारा कसा आहे, हे बघायचं कोणी? पडू नये, उठून जाऊ नये म्हणून माणसांना चक्क पलंगाला नाहीतर खुर्चीला बांधून ठेवायचे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस असे बांधलेले वृद्ध साधारण ४० टक्के होते!

१९८६ मध्ये तज्ज्ञ समितीचा अहवाल आला आणि १९८७ मध्ये रेगन यांच्या सहीने कायदा झाला. सोयीसाठी कुणाला बांधायचं नाही, प्रत्येक वृद्धाच्या प्रकृतीची ठरावीक पद्धतीने नोंद ठेवायची, सेवकांना किमान ७५ तासांचं प्रशिक्षण द्यायचं. मालकांची ओरड एकच, खर्च वाढेल. पण १९९३ च्या एका अभ्यासात उलटंच दिसलं. बांधलेल्या माणसाच्या सेवेलाच परिचारिकांचा जास्त वेळ जात होता. पुढे २००७ च्या सुमारास बांधून ठेवण्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. कमी पैशात मोठं काम म्हणतात ते हे.

नंतरचे प्रयोग इतके फळले नाहीत. २००८ च्या अखेरीस सरकारने नर्सिंग होमना तारे द्यायला सुरुवात केली, एक ते पाच. पण कर्मचारी किती, हे संस्थाच सांगायच्या. पुढे पगारपत्रकांवरून आकडे घ्यायला लागल्यावर कळलं, शनिवार-रविवारी माणसं फारच कमी असतात. २००९ ते २०१२ मध्ये तीन राज्यांत चांगल्या कामाला बक्षिसाची रक्कम देऊन पाहिली. सेवेच्या दर्जात ठोस फरक दिसला नाही.

खरा खर्च आहे तो माणसांचा. २०२४ मध्ये नियम आला, प्रत्येक वृद्धामागे दिवसाला सरासरी ३.४८ तासांची सेवा हवीच. सरकारचाच अंदाज होता, दहा वर्षांत सुमारे ४३ अब्ज डॉलर लागतील. संस्था कोर्टात गेल्या आणि २०२५ मध्ये टेक्सासच्या न्यायालयाने हा नियम रद्द ठरवला.

आता आपल्याकडे या. आपल्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात, राज्य सरकारने प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान १५० जणांचा एक तरी वृद्धाश्रम उभारावा, अशी तरतूद आहे. पण ‘उभारू शकेल’ अशी, बंधन म्हणून नाही. उद्या आपल्या जिल्ह्यात तो झाला तर उद्घाटनाला गर्दी होईल, कोनशिलेवर नावं लागतील, इमारतीचे कोटी छापून येतील. त्या दिवशी आपण एकच विचारायचं: साहेब, रविवारी रात्री दोन वाजता इथे ड्युटीवर किती माणसं असतील?