पेला आणि माप : ब्रिटनमधील वाइनविक्रीसंबंधी एक टिपण

भांड्याचे नाव मापाला मिळणे ही गोष्ट मराठी भाषकाला अपरिचित नाही. ‘पायली’ हे भांडेही होते आणि धान्याचे मापही. परंतु भांडे प्रमाणित नसेल, तर तेच नाव ग्राहकाची दिशाभूल करू शकते. वाइनचा ‘पेला’ हे याचे बोलके उदाहरण होय.

राज्यभर वाइनचे माप एकच असावे, हे तत्त्व इंग्लंडच्या १२१५ च्या मॅग्ना कार्टात नमूद आहे. पुढे राणी ॲनच्या कारकिर्दीत २३१ घनइंचांचा वाइन-गॅलन कायद्याने निश्चित झाला. १८२४ च्या कायद्याने त्याच्या जागी सुमारे ४.५४६ लिटरचा इंपीरियल गॅलन आणला. गॅलन ठरला, तरी पेला ठरला नाही. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली दाखविले की, अठराव्या शतकात सरासरी ६६ मि. लि. धारणेचा पेला २०१६-१७ पर्यंत ४४९ मि. लि. इतका झाला होता. शब्द तोच राहिला. अर्थ मात्र फुगत गेला.

१९८८ च्या आदेशाने सुटी वाइन पेल्यातून विकताना १२५ किंवा १७५ मि. लि., अथवा त्यांच्या पटी, अशी मापे नेमून दिली. २५० मि. लि. हा ‘मोठा’ पेला म्हणजे १२५ ची दुप्पट, ७५० मि. लि. च्या बाटलीत असे तीनच पेले बसतात. लहान माप मागे पडू नये म्हणून इंग्लंड व वेल्समध्ये २०१० पासून १२५ मि. लि. उपलब्ध ठेवणे विक्रेत्यांवर बंधनकारक झाले.

तथापि कायदा संख्या ठरवितो, विशेषणे नव्हेत. ‘लहान’, ‘मध्यम’, ‘मोठा’ ही विशेषणे सापेक्ष असून त्यांचा अर्थ शेजारच्या मापावरून ठरतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात इंग्लंडमधील २१ मद्यगृहांनी चार आठवडे सर्वांत मोठे माप बंद ठेवले. तेव्हा विकल्या गेलेल्या वाइनचे प्रमाण ७.६ टक्क्यांनी घटले. म्हणजे किती प्यावे, हा निर्णय पूर्णतः आपलाच आहे, असे ग्राहकाला वाटत असले, तरी त्याचा काही भाग मापांची यादी लिहिणाराच आधी घेऊन बसलेला असतो. मापाचा इतिहास लिहिताना या यादीचीही दखल घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.