भिंगाची कसोटी आणि कसोटीचा कस

सोनाराच्या पेढीवर एक काळा दगड असतो. त्यावर दागिना घासला की सोन्याचा कस कळतो. त्या दगडाला आपण कसोटी म्हणतो आणि पुढे आयुष्यातल्या सगळ्याच परीक्षांना आपण तेच नाव दिले. पण काचेचा कस कसा पाहायचा? कॅमेऱ्याचे नवे भिंग आणले, फोटो काढला आणि तो पुसट आला, तर दोष कुणाचा? भिंगाचा, कॅमेऱ्याचा, थरथरणाऱ्या हाताचा, की पाहणाऱ्याच्या डोळ्याचा? प्रश्न साधा वाटतो. पण त्यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेर यांची छायाचित्रण पद्धत जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटे. भिंगातून प्रकाश इतका कमी येई, की चित्र उमटायला कित्येक मिनिटे लागत. माणसाने तेवढा वेळ हलायचे नाही! व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी १८४० साली आकडेमोड करून नवे भिंग आखले. फोइग्टलेंडर यांच्या कारखान्याने ते घडवले. ते कितीतरी जास्त प्रकाश आत घेई. त्यामुळे माणसांचे चेहरे टिपणे शक्य झाले आणि गावोगावी स्टुडिओ निघाले.

त्याबरोबर एक चमत्कारिक तक्रारही सुरू झाली. छायाचित्रकार कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेवर प्रतिमा पाही. डोळे, भुवया, शालीची वीण सगळे स्वच्छ दिसे. मग काचेच्या जागी पत्रा सरकवून फोटो घ्यावा, तर चेहरा पुसट आणि कानामागचे केस मात्र रेखीव! डोळ्याने दिलेली साक्ष पत्रा खोटी ठरवत होता.

याचा छडा लावणाऱ्यांत आंत्वान क्लोदे हे नाव महत्त्वाचे आहे. हे मूळचे फ्रेंच, काचेचे व्यापारी. १८४१ साली त्यांनी लंडनमध्ये छायाचित्रांचा स्टुडिओ थाटला. १८४४ साली त्यांनी मांडले, की डोळ्याला जिथे प्रतिमा रेखीव दिसते आणि पत्र्यावर जिथे ती रेखीव उमटते, त्या दोन जागा वेगळ्या असू शकतात. कारण असे, की आपल्या डोळ्याला पिवळा-हिरवा प्रकाश अधिक जाणवतो, तर तो पत्रा निळ्या-जांभळ्या प्रकाशाला भुलत असे. भिंग सगळे रंग एकाच अंतरावर आणत नसेल, तर डोळ्याचे भिंगाशी एक नाते जुळते आणि पत्र्याचे दुसरेच.

क्लोदे यांनी त्यावर एक साधे उपकरण केले. पंख्याच्या पाकळ्यांसारखे तुकडे, प्रत्येकावर आकडा आणि प्रत्येक तुकडा कॅमेऱ्यापासून वेगळ्या अंतरावर. एका आकड्यावर नजर रोखून फोटो घ्यायचा आणि पत्र्यावर कुठला आकडा सर्वांत रेखीव आला ते पाहायचे. नेमका तोच आला तर भिंग निर्दोष. पुढचा किंवा मागचा आला, तर तेवढा फरक लक्षात ठेवून भिंग सरकवायचे. आजही नवे भिंग तपासताना तिरकी पट्टी ठेवून फोटो काढतात, ती याच युक्तीची नात म्हणायची.

१८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पिढीचे नावाजलेले छायाचित्रकार. सुएझ कालवा तेव्हा व्हायचा होता. तो खुला झाला १८६९ साली. विलायतेहून आलेले भिंग सदोष निघाले, तर ते परत पाठवून बदलून घेणे हे महिनोन् महिन्यांचे काम. आपल्या भिंगाचा स्वभाव ओळखून त्याच्याशी जुळवून घेणे हाच तिथे शहाणपणा होता.

घरच्या घरी करता येणारी परीक्षा सोपी आहे. वर्तमानपत्राचे पान भिंतीवर सपाट चिकटवावे. कॅमेरा तिपाईवर, पानाच्या अगदी समोर ठेवावा. हात लागू नये म्हणून टायमर लावावा. मधली अक्षरे रेखीव आणि चारही कोपरे सारखेच मऊ आले, तर बहुतेक भिंगांचा तो स्वभावच असतो. एकच कोपरा पुसट आला तर शंका घ्यावी. पण लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नये! कॅमेरा उलटा करून पुन्हा फोटो घ्यावा. पुसटपणा पानाच्या त्याच कोपऱ्यात राहिला, तर कॅमेरा किंवा पान तिरके लागले असेल. तो पानाच्या समोरच्या कोपऱ्यात गेला, तर आतली एखादी काच कललेली असण्याचा संभव आहे. थोडक्यात, आधी परीक्षेची परीक्षा घ्यावी.

हे न केल्याने काय होते, त्याचे मोठे उदाहरण म्हणजे हबल दुर्बीण. तिचा २.४ मीटर व्यासाचा आरसा अमेरिकेतल्या पर्किन-एल्मर कंपनीने घासून १९८१ साली पूर्ण केला. तो तपासायला अतिशय अचूक म्हणून एक खास उपकरण बनवले होते. त्या उपकरणातलेच एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले. त्याचे अंतर मोजणारा लेसर किरण भलत्याच जागेवरून, रंग उडालेल्या एका ठिपक्यावरून परावर्तित झाला होता. भिंग जागेवर बसेना, तेव्हा खाली वॉशर सरकवून बसवले गेले. मग त्या चुकीच्या मापाबरहुकूम आरसा फार सफाईने घासला गेला. कडेला तो सुमारे २.२ मायक्रॉनने जास्त सपाट झाला. केसाच्या जाडीचाही तो छोटासा अंश!

दुसऱ्या दोन साध्या उपकरणांनी दोष दाखवला होता. पण ती कमी अचूक, म्हणून त्यांची साक्ष बाजूला ठेवली गेली. २४ एप्रिल १९९० रोजी हबल अवकाशात गेली आणि तारे पुसट दिसू लागले. हातच्या काकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. इथे आरशालाच दुसऱ्या आरशाची गरज होती.

चौकशी समितीला कारखान्यात ते उपकरण जसेच्या तसे सापडले. चूक किती, हे नेमके कळले आणि तेच तारक ठरले. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी नवा कॅमेरा आणि छोट्या आरशांची जुळणी बसवली. मूळ दोषाच्या बरोबर उलट दोष त्यांत मुद्दाम घडवलेला होता. दुर्बिणीला चष्मा लागला आणि पुढे कित्येक वर्षे तिने विश्वाची रेखीव चित्रे पाठवली.

बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात प्रकाशावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातला एक अख्खा भाग नजरेच्या चुकांवर आहे. टॉलेमीसारख्या मान्यवराविषयीच्या शंकांचेही त्यांनी स्वतंत्र पुस्तक केले. पाहणे म्हणजे केवळ डोळे उघडणे नव्हे, हे त्यांनी ओळखले होते.

भिंगाचा दोष अपमानास्पद नसतो. माप कळले की त्यावर उपाय निघतो. उपाय निघत नाही तो एकाच साक्षीदारावर भिस्त ठेवून बाकीच्यांना गप्प करण्याच्या सवयीवर. साधा साक्षीदार काही वेगळे सांगू लागला, तर त्याचे ऐकून घ्यावे. कसोटीच्या दगडालाही अधूनमधून कसाला लावावे.