‘करून शिका’ म्हणजे नुसता प्रोजेक्ट नाही! जॉन ड्युई नेमकं काय म्हणाले होते?

शाळेतून प्रोजेक्ट येतो, आई-बाबा रात्री जागून पुठ्ठे कापतात आणि सकाळी मूल त्यावर आपलं नाव लिहितं. यालाही ‘करून शिकणं’ म्हणतात. पण ही कल्पना जगभर पोहोचवणारे अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युई (१८५९–१९५२) यांना हे अजिबात अपेक्षित नव्हतं.

प्रयोगशाळा, पण शाळेची

ड्युई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात एक प्रायोगिक शाळा सुरू केली. तिथे मुलं स्वयंपाक, सुतारकाम, विणकाम करायची. ती कारागीर व्हावीत, हा त्यामागचा हेतू नव्हता. या कामांतून विज्ञान, इतिहास, भूगोल शिकायचा होता.

ड्युई यांनीच दिलेलं एक उदाहरण पाहा. लोकरीच्या तुलनेत सुती कापडाचा उद्योग उशिरा का वाढला? मुलांनी बोंडातला कापूस हातानं सरकीपासून वेगळा करून पाहिला. अर्ध्या तासाच्या मेहनतीनंतर हाती आला एक औंसपेक्षाही कमी, म्हणजे २८ ग्रॅमच्या आतच! सरकी काढणारं यंत्र का महत्त्वाचं ठरलं, हे मग वेगळं सांगावं लागलं नाही.

नुसतं केलं की झालं?

नाही. मुलाचं बोट ज्योतीवर भाजलं, एवढ्यानं ते शिकत नाही. ‘मी बोट तिथे नेलं, म्हणून भाजलं’ हा संबंध लागला की ते शिकतं. कृती, परिणाम आणि त्यावर विचार, असं हे सूत्र आहे.

नव्या शाळांच्या नावाखाली काही ठिकाणी मुलांना नुसतं मोकळं सोडलं जाऊ लागलं, तेव्हा ड्युई यांनी त्यावरही टीका केली. प्रत्येक अनुभव शिकवतोच असं नाही, शिक्षकानं तो विचारपूर्वक आखावा लागतो, असं त्यांनी १९३८ च्या ‘एक्स्पिरियन्स अँड एज्युकेशन’ या पुस्तकात मांडलं.

बाबासाहेबांचे शिक्षक

कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर ड्युई यांचे विद्यार्थी होते. लोकशाही ही फक्त राज्यपद्धती नाही, ती एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्युई यांचा विचार बाबासाहेबांच्या लेखनातही दिसतो. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये (१९३६) त्यांनी आपल्या या शिक्षकांचं ऋण नावानिशी मान्य केलं आहे. म्हणूनच ड्युई यांच्या दृष्टीने वर्गात मिळून काम करणं हे लोकशाहीचंच शिक्षण होतं.

आज याचं काय?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही अनुभवातून शिकण्यावर भर आहे. त्यामुळे पुढच्या वेळी प्रोजेक्ट घरी आला, तर तो मुलालाच करू द्या. वाकडातिकडा झाला तरी चालेल. फक्त नंतर विचारा: काय बिघडलं, का बिघडलं आणि आता वेगळं काय करशील?