सीटीएलए-४

रोगप्रतिकारक टी पेशींना आवर घालणारे प्रथिन. शरीर स्वतःच्याच ऊतींवर उलटते अशा स्वयंप्रतिकार विकारांत पेशींच्या संदेशवहनातला बिघाड किती महाग पडतो, हे या एका रेणूवरून लख्ख दिसते.

टी पेशी सक्रिय व्हायला दोन संदेश लागतात. पहिला प्रतिजन ओळखल्याचा, दुसरा संमतीचा. प्रतिजन सादर करणाऱ्या पेशीवरील सीडी८० व सीडी८६ हे रेणू टी पेशीवरील सीडी२८ या ग्राहीशी जुळले की संमती मिळते. सीटीएलए-४ याच दोन रेणूंना जुळते, तेही सीडी२८पेक्षा कितीतरी घट्ट. साहजिकच सीडी२८च्या वाट्याला थोडेच उरतात. नियामक टी पेशींवर हे प्रथिन कायम असते. त्याच्या साहाय्याने त्या समोरच्या पेशीवरचे सीडी८० व सीडी८६ ओढून आत घेतात आणि नष्ट करतात. पाठ्यपुस्तकांतली ‘ब्रेक’ची उपमा म्हणून अपुरी वाटते, इथे चाक रोखण्यापेक्षा इंधनच काढून घेतले जाते.

या प्रथिनाचे जनुक १९८७मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथे सापडले. त्याचे काम मात्र बरीच वर्षे वादात होते. १९९५मध्ये ते जनुक काढून टाकलेले उंदीर जन्मानंतर तीन-चार आठवड्यांत दगावले. त्यांच्या हृदयासह अनेक अवयवांत टी पेशी घुसल्या होत्या. जनुकाची एक प्रत शाबूत असलेले उंदीर ठणठणीत राहतात. माणसाचे तसे नाही. एकच प्रत सदोष असली तरी आतड्याचा दाह, रक्तपेशींचा नाश, फुप्फुसांत लसीकापेशींचा शिरकाव असे विकार उद्भवू शकतात, हे २०१४मध्ये दिसून आले. तरीही सदोष प्रत असलेली प्रत्येक व्यक्ती आजारी पडत नाही.

कधी जनुक निर्दोष असते, पण प्रथिन टिकत नाही. पेशीत परत घेतलेल्या सीटीएलए-४ला विघटनापासून वाचवणारे एलआरबीए हे प्रथिन नसेल, तर जवळपास तसाच आजार होतो.

सीटीएलए-४चा बाहेरचा भाग प्रतिपिंडाच्या तुकड्याला जोडून अबाटासेप्ट हे औषध बनवले आहे. संधिवाताभ आमवातासाठी अमेरिकेत त्याला २००५मध्ये मान्यता मिळाली. वरील दोन्ही आनुवंशिक विकारांतही ते दिले जाते. याच्या नेमके उलट काम इपिलिमुमॅब करते. २०११पासून कर्करोगावर वापरात असलेले हे औषध सीटीएलए-४ला मुद्दाम अडवते. त्यामुळे टी पेशी गाठीवर तुटून पडतात, पण काही रुग्णांत मोठे आतडे, अवटू ग्रंथी व पीयूषिका ग्रंथी यांनाही दाह होतो.