टसर पतंग (भंडारा वाण)

टसर पतंग : फुलपाखरांच्याच गणातला, मोठ्या पंखांचा रानकीटक. शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिट्टा; कुल सॅटर्निइडी. त्याच्या कोशाला पूर्व विदर्भात ‘कोसा’ म्हणतात. या पतंगाचे प्रदेशागणिक निरनिराळे वाण असून त्यांतला एक ‘भंडारा’ याच नावाने रेशीमशास्त्रात ओळखला जातो. भंडारा जिल्ह्यासाठी हा मोठाच मान आहे.

मादी पिवळसर करडी, नर तिच्याहून लहान व तांबूस. चारही पंखांवर डोळ्यासारखा एकेक गोल ठिपका असतो. पतंग काहीच खात नाही. अळीपणी साठवलेल्या बळावर तो जेमतेम आठवडाभर जगतो. रात्री मादीच्या गंधाच्या मागावर नर येतो. मादी दीडशे ते अडीचशे अंडी घालते आणि आठ-दहा दिवसांत अळ्या बाहेर पडतात. ऐन व अर्जुनाचा पाला हे त्यांचे मुख्य खाद्य.

हिरवीगार अळी महिना-सव्वा महिन्यात चारदा कात टाकते. पुरती वाढली की ती दोन-तीन पाने धाग्याने जवळ ओढून आडोसा करते. मग फांदीवर चढून तिच्याभोवती रेशमाचे कडे घालते, त्या कड्यापासून चिवट देठ खाली आणते आणि देठाच्या टोकाशी स्वतःला कोंडून घेते. पान गळून पडते, पण कोसा फळासारखा लटकत राहतो. हिवाळी कोशातला जीव पावसाळ्यापर्यंत आत निजून असतो.

तुतीचा रेशीमकिडा घरात, ताटव्यावर वाढतो. हा मात्र उघड्या झाडावरच. त्यामुळे पक्षी, मुंग्या, गांधीलमाश्या, रक्तशोषक ढेकूण सगळेच त्याच्यावर टपलेले. पेब्रिन या रोगाची भीती वेगळीच. भंडारा-गडचिरोलीकडची ढिवर कुटुंबे परंपरेने कोसा पिकवतात. अंड्यांतून निघालेल्या अळ्या झाडावर सोडायच्या, पाला संपला की दुसऱ्या झाडावर न्यायच्या आणि कोसा होईपर्यंत दिवसभर राखण करायची, असे हे कष्टाचे काम आहे. त्याची दखल टसर साडीच्या कौतुकात क्वचितच घेतली जाते.

मोहाडी तालुक्यातील आंधळगावात टसरचे विणकाम चालते. विदर्भातल्या करवतकाठी साडीचे अंग याच धाग्याचे असते. पतंग बाहेर पडलेल्या कोशाचा धागा सलग उलगडत नाही. तो कातून काढावा लागतो. अळ्यांना पोसणारी ऐनाची उभी झाडे राखली, तरच भंडारा वाण रानात टिकेल.